चावीच्या माहेरी

पनवेलच्या वडाळे तलावाच्या कट्ट्यावर मी जे ठणकावून सांगितलं होतं ते आधी इथे लिहून ठेवतो, कारण मी निघाल्यापासून परत येईपर्यंत त्याच्या बारा आवृत्त्या निघाल्या आणि त्यातल्या अकरा मी काढलेल्या नाहीत. मी म्हणालो होतो : 'चावी' हा शब्द पनवेलचा. तो इथून गलबतात बसून युरोपात गेला आणि तिकडच्या लोकांनी तो बिघडवला.

आता एवढं बोलायचा मला अधिकार होता. उरणच्या बंदरात मी सबंध नोकरी काढली, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या कागदांवर शिक्के मारले. माझ्या शिक्क्याशिवाय त्या किनाऱ्याला लाट लागत नसे. कुठला माल कुठून कुठे गेला हे मला कोणी शिकवायला येऊ नये. पण आदल्या संध्याकाळी बायकोने शिकवलं होतं.

सुमन, माझी बायको, दिवाळी आटोपून लेकीच्या बाळंतपणाला पोर्तुगालला गेलेली. गाव पोर्तो. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. त्या दिवशी म्हणाली, "अहो, इथे चावीला 'शाव्ह' म्हणतात. आपला शब्द इथूनच आलाय म्हणे. जावई सांगत होते, मूळचा लॅटिन, रोमचा."

"जावयांना म्हणावं, आधी स्वतःच्या पगाराचं बघा."

"पगारही इथलाच शब्द. पावही. नाताळही."

"मग आपलं म्हणून काही उरलं की नाही?"

"आपली मी," ती म्हणाली आणि हसली.

तिथे फोन ठेवला असता तर मी अजून पनवेलातच असतो. पण फोन रेवतीने, आमच्या लेकीने, घेतला. "बाबा, आईचे इथे राहायचे कागद करायला टाकतोय हं. तिला फार करमतंय इथे. तुम्ही पण याच ना कायमचे." पुढे ती बाळाच्या शीबद्दल बराच वेळ बोलली. मी 'हं हं' करत होतो. माझ्या कानात 'राहायचे कागद' एवढंच चाललं होतं. कागद म्हणजे काय चीज असते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? एकदा शिक्का बसला की माल हलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टूरवाल्याकडे जाऊन इटली, फ्रान्स, स्पेन अशी सहल घेतली. कट्ट्यावर जाहीर केलं, 'शब्दाच्या शोधाला चाललो.' खिशात पोर्तोहून पनवेलला परतायची दोन तिकिटं होती, एक माझं, एक सुमनचं. हे कट्ट्यावर जाहीर केलं नाही.

निघायच्या दिवशी लक्षात आलं की माझे स्वेटर, मफलर, गरम मोजे, सगळं लोखंडी कपाटात आहे, आणि कपाटाची छोटी चावी सुमन मंगळसूत्रात पिनेला लावून गळ्यात घालते. म्हणजे माझे स्वेटर पनवेलशेजारी विचुंब्याला, आमच्या घरी, आणि त्यांची चावी पोर्तोला. मी माकडटोपी घालून फेब्रुवारीत युरोप जिंकायला निघालो. माकडटोपी दाराच्या खिळ्याला होती म्हणून वाचलो.

रोम

रोमला थंडी म्हणजे काय विचारता! मी पहिली शिंक दिली तेव्हा घुमटावरची कबुतरं उडाली ती म्हणे नेपल्सला जाऊन बसली. माझे खोलीसोबती होते पेणचे पाटकर, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असलेले. त्यांनी आपला एक स्वेटर मला दिला. तो माझ्या अंगात मूर्तीच्या साच्यात माती दाबावी तसा बसला.

"वहिनी नाही आल्या?" पाटकरांनी पहिल्याच जेवणाला विचारलं.

"तिला विमानाची भीती वाटते," मी म्हणालो.

एका संग्रहालयात काचेमागे रोमन लोकांच्या चाव्या ठेवल्या होत्या. काशाच्या, हिरव्या पडलेल्या, आणि काही तर चक्क अंगठीला जोडलेल्या. बाई बोटात अंगठी घालायची, तिलाच दात, तीच पेटीची चावी. पांढऱ्या केसांच्या इटालियन गाइडबाई इंग्रजीत सांगत होत्या आणि आमची टूर मॅनेजर प्राजक्ता ते मराठीत वाढत होती. त्या काळी याला म्हणायचे 'क्लाविस'. आता इटलीत म्हणतात 'कियावे'.

मी मनातल्या मनात दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले आणि बंदरातला माणूस जागा झाला. 'क्लाविस'मधला 'ल' कुठे गेला? जकात! शब्द सरहद्द ओलांडताना काहीतरी भरून पुढे जातो. इटलीच्या नाक्यावर त्याने 'ल' भरला होता.

गाइडबाईंनी मग आणखी एक गोष्ट सांगितली. रोमन नवरी सासरी आली की तिच्या हाती घराच्या चाव्या द्यायचे. आणि नवऱ्याने तिला सोडायचं ठरवलं की तिच्याकडून चाव्या काढून घ्यायचा. चाव्या परत घेतल्या, संसार संपला.

"आणि बायकोनेच आपणहून परत दिल्या तर?" मी विचारलं.

प्राजक्ताने ते इंग्रजीत सांगितलं. गाइडबाईंनी माझ्याकडे, माझ्या माकडटोपीकडे आणि पाटकरांच्या स्वेटरकडे पाहिलं आणि पुढच्या काचेकडे वळल्या. पाटकर हळूच म्हणाले, "काका, विमानाची भीती ना?"

बाहेर पडल्यावर आमच्यातल्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्याखालच्या हासळीच्या हाडाला डॉक्टर लोक 'क्लॅव्हिकल' म्हणतात, तेही याच शब्दाचं पिल्लू. छोटी चावी. हे ऐकून मी रोममधला तो मोठा कारंजा पाहिला म्हणतात, पण मला कारंजा आठवत नाही. सुमनच्या मंगळसूत्रातली कपाटाची चावी नेमकी त्या हाडावर टेकलेली असते. बाई पोळ्या लाटायला लागली की ती हाडावर टकटक वाजते. एवढी वर्षं तो आवाज ऐकला आणि तो लॅटिन आहे हे रोमला जाऊन कळलं.

पॅरिस

पॅरिसचा मनोरा उंच आहे, कर्नाळ्याच्या सुळक्याची सर नाही. त्याविषयी इतरांनी भरपूर लिहिलंय, मी जागा घालवत नाही. फ्रेंच लोक चावीला 'क्ले' म्हणतात. इथे जकातीत शेपूट गेलं. लिहिताना शेवटी कधी कधी एक 'फ' लावतात, पण तो बोलत नाहीत. सासरे बैठकीत असावेत तसा तो नुसता बसलेला असतो.

नदीवरच्या एका पुलाच्या कठड्याला शेकडो कुलपं लटकत होती. प्रेमात पडलेली जोडपी येतात, दोघांच्या नावाचं कुलूप लावतात आणि चावी नदीत फेकतात. आमच्यासमोरच एका पोरीने फेकली. मी तोंडातून शब्द निघायच्या आत पुढे धावलो.

"अगं बये! पाण्यात? शेजारी ठेवायची ना!"

पोरगी घाबरून आपल्या मित्रामागे लपली. पाटकर मला दंडाला धरून बाजूला घेऊन गेले. पण सांगा, मी काय चुकीचं बोललो? आमच्या जुन्या पनवेलच्या चाळीत शेवटच्या खोलीतल्या कमळाकाकूंच्या दाराआड खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक बिऱ्हाडाची चावी तिथे. पोरं शाळेतून आली, की काकूंकडे. गॅसवाला आला, काकूंकडे. मुंबईहून पाहुणा न कळवता टपकला, तरी काकूंकडे, आणि वर चहा. चावी ही स्वतःसाठी नसतेच मुळी. स्वतःची खिशात असते. शेजारची चावी असते ती मागून येणाऱ्यासाठी. विचुंब्याच्या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून मात्र आमच्या मजल्यावर कोणाची चावी कोणाकडे नाही. समोरच्या दारावर नाव आहे की नाही हेही मी कधी पाहिलं नव्हतं. सहलीला निघताना घराची चावी मी कमरेच्या पट्ट्यातल्या पाकिटात घातली आणि प्रत्येक विमानतळावर तिने मला वाजवून दाखवलं.

"वहिनी कशा आहेत?" पाटकरांनी बसमध्ये विचारलं.

"ती पुढे गेली आहे," मी म्हणालो, "माझ्या स्वागताची तयारी करायला."

खोटं बोलताना थोडं खरं घालावं लागतं, मीठ घालतात तसं.

टोलेडो

स्पेनमध्ये चावीला म्हणतात 'यावे'. इथे 'क' गेला. म्हणजे बघा, इटलीने 'ल' घेतला, फ्रान्सने शेपूट घेतलं, स्पेनने डोकं घेतलं, आणि तरी बिचारा शब्द चालतोच आहे, दार उघडतोच आहे.

टोलेडोच्या अरुंद गल्ल्यांतून चढताना प्राजक्ताने सांगितलं की फार पूर्वी इथल्या ज्यू लोकांना राजाने देशाबाहेर काढलं. जाताना त्यांनी घरांना कुलपं लावली आणि चाव्या बरोबर नेल्या. परत येऊ म्हणून. काही घराण्यांनी त्या चाव्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या असं सांगतात. इकडे घरं पडली, गल्ल्या बदलल्या, दारं गेली. चाव्या राहिल्या.

सगळे फोटो काढायला पांगले. मी एका पायरीवर बसलो. कमरेचं पाकीट काढून विचुंब्याची चावी हातात घेतली. पाटकर शेजारी येऊन बसले आणि या वेळी काही विचारलं नाही. म्हणून मीच सांगितलं.

"बायको पोर्तोला आहे लेकीकडे. तिचे राहायचे कागद करताहेत. मी तिला आणायला चाललोय. दोन तिकिटं आहेत."

"मग सहलीत कशाला आलात? थेट जायचं."

"थेट गेलो असतो तर आणायला आलो असं झालं असतं. आता वाटेत डोकावलो असं होईल."

पाटकरांनी डोकं हलवलं. "माझी मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली, काका. मी विसर्जनाला कधी रडत नाही, धंदाच आहे. पण मूर्ती नेताना लोक म्हणतात ना, पुढच्या वर्षी लवकर या, तेव्हा मी आत जातो." मग गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "स्वेटर राहू द्या तुमच्याकडे. पोर्तोला समुद्राचा वारा असतो."

पोर्तो

दार सुमनने उघडलं. अंगावर साडी, वर रेवतीचं फुगीर जाकीट, पायांत लोकरी मोजे, कडेवर नात. गळ्यात मंगळसूत्र, त्यात पीन, पिनेला ती छोटी चावी. मी वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. निघालं ते असं : "माझे स्वेटर कपाटात राहिले."

"आणि हा कोणाचा?" तिने त्या स्वेटरची बाही चिमटीत धरली.

"पेणचा."

"बारीक झालात."

"स्वेटर घट्ट आहे म्हणून तसं वाटतं."

सुमन तिथे रमली होती, हे मला पहिल्या सकाळीच दिसलं आणि ते मला बघवेना. ती मला बाजारात घेऊन गेली. रस्त्यात निम्मं पोर्तो तिला 'बोम दिया' म्हणालं, म्हणजे सुप्रभात. उरलेलं निम्मं झोपलं असावं. मासळीवालीशी ती उरणजवळच्या करंज्याच्या धक्क्यावर घालते तशी हुज्जत घालत होती, ही मराठीत, ती पोर्तुगीजमध्ये, आणि दोघी एकमेकींचं बोट न बोट समजत होत्या. शेवटी मासळीवालीने दोन तारली जादा टाकल्या. इथे तारली निखाऱ्यावर भाजून नुसतं मीठ लावून खातात. सुमनने त्यावर घरून आणलेला लाल मसाला भुरभुरला. जावई खाताना डोळे पुसत म्हणाले, "आई, तुम्ही गेलात तर आमचं काय होणार?" मला त्या तारलीचा काटा लागला. म्हणजे घशात. म्हणजे तारलीचाच.

तिकिटं माझ्या खिशात होती. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग नात तिच्या मांडीवर झोपलेली असायची, आणि झोपलेल्या पोराच्या आजीला तिकीट दाखवणारा माणूस मी नाही.

मग तो प्रसंग घडला.

एका सकाळी रेवती आणि सुमन बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या, जावई कामावर. मी लुंगी, बनियन आणि माकडटोपी या माझ्या घरच्या गणवेशात कचऱ्याची पिशवी ठेवायला जिन्यात आलो. मागे दार लागलं. किती हळू लागलं म्हणून सांगू! आपल्याकडे दार वाऱ्याने आपटतं, चार शिव्या देऊन मग लागतं. या दाराने 'टिक्' म्हटलं. चावी आत, फोन आत, पाटकरांचा स्वेटर आत.

अशा वेळी शहाणा माणूस काय करील? पायरीवर बसून राहील, नाहीतर खाली जाऊन कोणाचा तरी फोन मागेल. मी काही विचार केलाच नाही. माझे पाय आपोआप समोरच्या दाराशी गेले आणि हाताने बेल दाबली. पनवेलच्या चाळीत जन्म गेलेला माणूस कुलूप दिसलं की समोरच्या दारी जातो, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. परक्या देशात, बनियनवर, ज्या बाईला मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही तिच्या दारात जाऊन मी विचारणार होतो, 'आमची चावी आहे का हो?'

दार उघडलं. काळा झगा, काळी शाल, पांढरा अंबाडा, ऐंशीच्या घरातली म्हातारी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी नमस्कार केला, मागच्या दाराकडे बोट केलं आणि हवेत चावी फिरवली.

"चावी," मी म्हणालो.

"आ चाव्हे?" म्हातारी म्हणाली.

थांबा. मी इथे अतिशयोक्ती करीत नाही, जिथे करतो तिथे तुम्हाला कळतंच. तिने 'शाव्ह' म्हटलं नाही. पोर्तोत सगळे 'श' म्हणतात, जावई म्हणतात, मासळीवाली म्हणते. ही 'च' म्हणाली. पनवेलच्या बाजारात कुलपं दुरुस्त करणारा म्हणतो तसा, तासलेला, करकरीत 'च'. रोमपासून शब्दाच्या मागे मागे आलो, नाक्यानाक्यावर तो काही ना काही गमावत होता, आणि या जिन्यात तो माझ्यासमोर आमच्या घरच्या कपड्यांत उभा. मी पुन्हा म्हणालो, "चावी!" ती म्हणाली, "चाव्हे, चाव्हे!" आम्ही दोघं दारात उभे राहून एकमेकांना चावी म्हणत होतो आणि हसत होतो. मला वाटतं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण जिन्यात गारठा होता.

मागाहून रेवतीने सांगितलं की त्या दोना अमेलिया, म्हणजे अमेलियाबाई, डोंगरातल्या एका आडगावच्या. तिकडे जुने लोक अजून 'च'च म्हणतात. लिस्बनकडच्यांनी पुढे त्याचा 'श' केला, पण त्यांची गलबतं करंज्याला लागली तेव्हा सगळेच 'च' म्हणत. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर उतरला तो हा शब्द. तिकडे डोंगरात राहिला, इकडे आपल्याकडे राहिला. मधले सगळे बदलले.

पण ते मागाहून. तेव्हा म्हातारी हसत हसत आत वळली. तिच्या दाराआड, मेरीमातेच्या तसबिरीखाली एक खिळा होता. खिळ्याला चावी. चावीला हिरव्या काठाची चिंधी बांधलेली. तो काठ मी ओळखला. सुमनची जुनी इरकल साडी, जी फाटली तेव्हा तिने गाळणी केली, पिशव्या केल्या, आणि चाव्यांना बांधायला चिंध्या ठेवल्या. गाठही तिचीच, दोन फेरे आणि आत टोक.

मी चावी हातात घेतली आणि माझं हसू उतरलं.

सुमनने इथे शेजारी चावी ठेवली होती. पाहुणा माणूस शेजारी चावी ठेवत नाही. बाळंतपणाला आलेली बाई ठेवत नाही. जिथे आपण असलो-नसलो तरी आपलं माणूस येत-जात राहणार, तिथे चावी ठेवतात. विचुंब्याला एवढी वर्षं राहून आमची चावी कोणाकडे नव्हती, आणि पोर्तोत दिवाळी ते फेब्रुवारीत खिळा तयार.

दोना अमेलियांनी मला सोडलं नाही. आत बसवून कोबीच्या पानांचं गरम सार दिलं, मक्याच्या पिठाचा जाड पाव दिला, अंगावर आपली दुसरी शाल टाकली. मी त्या काळ्या शालीत, माकडटोपीत, सार पीत बसलो. चव उत्तम होती. मला ती आत्ता आठवते आहे, तेव्हा कळली नव्हती.

संध्याकाळी बाळ निजलं तेव्हा मी सुमनसमोर चावी ठेवली. "ही समोर होती."

"मग? मीच ठेवलीय. पहिल्याच आठवड्यात. त्यांची आपल्याकडे आहे." तिने फडताळाकडे बोट केलं. "घर म्हटलं की शेजारी चावी नको?"

"घर म्हटलं की," मी म्हणालो.

मी खिशातून तिकीट काढलं. इतके दिवस खिशात राहून ते मऊ पडलं होतं. तिने चष्मा लावून वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"तरी म्हटलं, रोमला कशाला गेलात. तुम्हाला कधी जुनी दगडं आवडली?"

"चल ना."

"रेवती कामावर रुजू होतेय. एवढीशी पोर पाळणाघरात टाकायची? तुम्हीच राहा इथे."

"आणि कट्ट्यावर काय सांगू?"

"कट्ट्यावर खरं कधी सांगितलंत? त्यात आणखी एक."

"मला इथे झोप येत नाही, सुमन. फार शांत आहे. तिकडे हायवेचा आवाज असतो."

"मलाही आधी येत नव्हती," ती म्हणाली. तिकीट तिने घडी घालून माझ्या खिशात परत ठेवलं आणि खिशावर हात दाबून धरला, घडी बसावी म्हणून धरतात तसा, पण जास्त वेळ.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. दोना अमेलिया जिन्यात शाल सावरत आलेल्या, रेवती डोळे पुसतेय, जावई बॅग उचलताहेत. सुमनने पर्स उघडली, तळाशी हात घालून काहीतरी शोधलं आणि माझ्या हातात ठेवलं. तिची विचुंब्याच्या घराची चावी.

रोमच्या त्या गाइडबाई माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर न देता निघून गेलेल्या. पायाखालून सबंध पोर्तुगाल सरकला, जिना तेवढा जागेवर राहिला.

"ही मला कशाला?" मी विचारलं.

"इथे हरवेल. घरी जाऊन शेजारी ठेवा. तुम्ही तलावावर गप्पा ठोकत बसलेले असाल आणि मी आले तर जिन्यात बसू का?"

"शेजारी कोण राहतं?"

"कमाल आहे! म्हात्रे. करंज्याचे. ती किती चांगली बाई आहे. मला एकदा सोडे दिले होते तिने."

"कधी येशील?"

तिने नातीची टोपी सारखी केली. ती सारखीच होती. "चावी ठेवतेय ना," ती म्हणाली, "न येणाऱ्याची चावी कोणी शेजारी ठेवतं का?"

ती वाकून बाळाचे मोजे वर ओढत होती तेव्हा मंगळसूत्र पुढे आलं. कपाटाची चावी हाडावर टक् वाजली. ती तिने दिली नव्हती. मी मागितली नाही.

पनवेल

कट्ट्यावर माझी वाट पाहत होते. मी सांगितलं, "शब्द रोमचा, हे मान्य. पण त्याचा खरा 'च' सबंध जगात दोनच ठिकाणी उरलाय. एक पोर्तुगालच्या डोंगरात आणि दुसरा उरण नाक्यावर." हे ऐकून मंडळींच्या माना अभिमानाने ताठ झाल्या. कोणीतरी विचारलं, "आणि वहिनी?"

"मागच्या विमानाने येतेय," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी समोरच्या दारावरचं नाव वाचलं आणि बेल दाबली. पदर खोचलेल्या म्हात्रेबाय दारात आल्या, आतून सुक्या बोंबलाचा वास.

"अगो बाय! काका? आज कवा नाय ती आमची बेल वाजवलीत?"

"आमची चावी ठेवाल का? आमच्या हिची आहे. ती आली आणि मी नसलो तर..."

"द्या की. त्यात काय इचारायचा? आमी काय परके हाव?" त्यांनी चावी घेतली. मी तिला हिरव्या काठाची चिंधी बांधली होती, दोन फेरे आणि आत टोक. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा बसली. "कवा येनार काकू?"

"येईल."

म्हात्रेबायनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आत वळल्या. देव्हाऱ्याशेजारी गणपतीच्या कॅलेंडरचा खिळा होता, त्याला चावी अडकवली.

आता माझा एक नेम झाला आहे. संध्याकाळी तलावावर जातो आणि मुद्दाम उशिरा परततो, कोणी येणार असेल तर त्याला यायला वेळ मिळावा म्हणून. लिफ्टमधून बाहेर आलो की स्वतःच्या दाराकडे वळत नाही. माझी चावी माझ्या खिशात असते. तरी आधी समोरची बेल दाबतो.

"कोणी चावी मागायला आलं होतं का?"

म्हात्रेबाय मागे वळून खिळ्याकडे पाहतात. त्यांना माहीत असतं, तरी पाहतात.

"नाय वो काका. हाय तशीच हाय."

"बरं."

"उंद्या इचारा," त्या म्हणतात, आणि मी माझं दार उघडेपर्यंत आपलं दार लावत नाहीत.